ठेव, रखवाली आणि उपेक्षा : ‘सँडवर्म’ या ग्रंथातील मर्स्क-प्रकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक संगणकप्रणालीने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची संगणकव्यवस्था जगभर निकामी केली. अमेरिकन पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी या घटनेचा वृत्तान्त प्रथम ऑगस्ट २०१८ मध्ये ‘वायर्ड’ मासिकातून आणि पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सँडवर्म’ या ग्रंथातून सांगितला. संस्थेच्या माहितीची राखण करणाऱ्या तंत्रज्ञांविषयी इंग्रजीत अलीकडे जे लेखन झाले, त्यात हा वृत्तान्त सर्वाधिक वाचला गेलेल्यांपैकी एक असावा. बंद पडलेल्या टर्मिनलांची नावे देताना लॉस एंजेलिस, अल्जेसिरास आणि रॉटरडॅम यांच्या पंक्तीत लेखक ‘मुंबई’ हे नाव घेतो. हे ‘मुंबई’ म्हणजे वस्तुतः रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा-शेवा होय.

ही चूक लेखकाची एकट्याची नाही. जवाहरलाल नेहरू बंदरातील जे टर्मिनल या हल्ल्यात सापडले, ते मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स आणि भारतीय कंटेनर निगम यांच्या भागीदारीतील गेटवे टर्मिनल्स इंडिया. २००६ पासून कार्यरत असलेल्या या टर्मिनलचे व्यापारी नावच ‘एपीएम टर्मिनल्स मुंबई’ असे आहे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदराला लोक आजही न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावांनी ओळखतात. त्यांपैकी शेवा गावाला तर बंदरासाठी उठून नव्या जागी वसावे लागले. तेव्हा नावाचा आग्रह स्थानिक अभिमानातून आला आहे असे कोणी म्हणेल, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु प्रस्तुत लेखकाला हा मुद्दा समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. ज्या ठिकाणाहून घटना पाहिली जाते, त्यावर ‘जबाबदार कोण’ या प्रश्नाचे उत्तर अवलंबून असते. ग्रीनबर्ग ही घटना कोपनहेगन व लंडनच्या परिसरातून पाहतात. अमेरिकेतील एलिझाबेथ या बंदराचे दार आणि तेथील मालमोटारींची मैलोगणती रांग तेवढी त्यांच्या कथनात सविस्तर येते. येथे उरणहून त्याच घटनेचे वाचन करण्याचा प्रयत्न आहे. माहिती तंत्रज्ञान हे प्रस्तुत लेखकाचे अध्ययनक्षेत्र नव्हे, हे आरंभीच नमूद करणे इष्ट ठरेल. जबाबदारी या संकल्पनेचे कथनात काय होते, एवढाच येथील विषय आहे.

वृत्तान्ताची घडण

ग्रंथाचा मुख्य विषय रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेतील हल्लेखोरांचा माग हा आहे. मर्स्कचे प्रकरण त्यातील एक भाग, पण कथन म्हणून सर्वांत सरस. युक्रेनमधील लिंकोस ग्रुप या छोट्या कंपनीच्या ‘एमईडॉक’ नावाच्या हिशेबाच्या प्रणालीचे अद्ययावतीकरण हल्लेखोरांनी ताब्यात घेतले आणि त्यातून नॉटपेट्या सोडला. मर्स्कच्या ओडेसा येथील कार्यालयात एकाच संगणकावर ही प्रणाली बसवलेली होती. तेवढा उंबरठा पुरेसा ठरला. अमेरिकी गुप्तचर संस्थेकडून फुटलेले ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार आणि संगणकाच्या स्मृतीतून परवलीचे शब्द उचलणारे ‘मिमीकॅट्झ’ या दोहोंच्या जोडणीमुळे, मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिलेली दुरुस्ती बसवलेले संगणकही वाचले नाहीत. जाळ्यातील एक यंत्र दुर्लक्षित राहिले की त्याच्या किल्ल्यांनी उरलेली दारे उघडत गेली. खंडणीची मागणी हा निव्वळ देखावा होता. पैसे देऊनही काही परत मिळण्याची सोय मुळात केलेलीच नव्हती.

समूहाचे तत्कालीन अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले की, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रणाली नव्याने बसवाव्या लागल्या. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरात असल्याचे जाहीर केले. ग्रीनबर्ग यांचे कौशल्य असे की, हे आकडे ते माणसांच्या हालचालींत रूपांतरित करतात. मुख्यालयात एकापाठोपाठ एक काळे पडणारे पडदे, बंद करा असे ओरडत धावणारे तंत्रज्ञ आणि इंग्लंडमधील मेडनहेड येथे जमिनीवर झोपून दिवसरात्र चाललेले पुनर्बांधणीचे काम, ही दृश्ये वाचकाच्या मनावर ठसतात. कथनाची ही ताकद मान्य करूनच पुढील आक्षेप नोंदवले आहेत.

दारापाशी काय थांबते

टर्मिनलची माहिती म्हणजे नेमके काय, हे ग्रंथात ओझरते येते. उरण-पनवेल रस्त्याने रोज जा-ये करणाऱ्यास कंटेनर ही वस्तू परिचित असते. परंतु ती वस्तू ज्या नोंदीवर उभी असते ती नोंद दिसत नाही. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक असतात. त्यांतील शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे लिहिताना कोणी एक अक्षर चुकवले तर तो अंक जुळत नाही आणि चूक पकडली जाते. (कारकुनाच्या चुकीची एवढी आदबशीर दखल घेणारी दुसरी व्यवस्था प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.) ट्रेलर दारावर येतो, निर्यातीचा ‘फॉर्म तेरा’ पडताळला जातो आणि यार्डात कोणत्या खंडात, कोणत्या ओळीत, कितव्या थरावर तो डबा ठेवायचा हे संगणक ठरवतो. एकावर एक चार-पाच थर रचलेले असतात. तळच्या थरातील डबा हवा असेल तर वरचे उचलून बाजूला ठेवावे लागतात आणि त्या प्रत्येकाची जागा पुन्हा नोंदवावी लागते. जहाजावर चढवतानाही वजन, उतरण्याचे बंदर आणि धोकादायक माल यांचा विचार करून क्रम लागतो.

ही नोंद नाहीशी झाली की माल नाहीसा होत नाही. तो तेथेच, डोळ्यांसमोर असतो. फक्त तो कोणाचा आणि कोणता हे सांगता येत नाही. जून २०१७ च्या त्या दिवसांत न्हावा-शेव्यात नेमके हेच घडले. हाताने नोंदी करून काम रेटावे लागले, काही माल शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावा लागला आणि अडकलेल्या कंटेनरांसाठी वाहनतळाची जागा शोधावी लागली. वर्षाला सुमारे १८ लाख कंटेनर-एकके हाताळण्याची क्षमता असलेल्या टर्मिनलची ही अवस्था. नाशवंत मालाचा निर्यातदार, रांगेत उभा असलेला ट्रेलरचालक, त्याच्यावर अवलंबून असलेले गोदामातील हमाल, यांपैकी कोणाचाही मर्स्कच्या संगणकविभागाशी करार नसतो. तरीही त्यांच्या रोजीची किल्ली त्या विभागाच्या हाती असते. ही गोष्ट ज्या वृत्तान्तात केंद्रस्थानी यावयास हवी होती, तेथे ती यादीतील एका नावापुरती उरली.

घानाचा योग आणि २०१६ ची योजना

वृत्तान्तातील सर्वांत गाजलेला प्रसंग घाना देशातील कार्यालयाचा आहे. जाळ्यातील कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे नियंत्रक सर्व्हर मर्स्ककडे होते. ते एकमेकांशी सतत जुळते राहत, म्हणून एक पडला तर दुसऱ्यावरून त्याची प्रत घेता येईल असे गृहीत धरलेले होते. सगळेच एकाच वेळी पुसले जातील, ही शक्यता विचारात घेतलेली नव्हती. इतर सर्व्हरांच्या काही दिवसांपूर्वीच्या प्रती होत्या; ज्यावाचून त्या प्रतींचा उपयोग नाही, त्या नियंत्रकाची मात्र नव्हती. शेवटी घानामधील एक नियंत्रक वाचलेला सापडला, कारण हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता. तेथील इंटरनेटचा वेग तुटपुंजा. तेव्हा एका कर्मचाऱ्याने ती प्रत हातात घेऊन नायजेरिया गाठले, विमानतळावर दुसऱ्याच्या स्वाधीन केली आणि ती लंडनला पोहोचली.

या प्रसंगात नाट्य आहे, आणि भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्रातील वाचकास वीज जाण्याने एखादी संस्था वाचल्याची कथा विशेष भावेल. परंतु नाट्यामुळेच येथे घोटाळा होतो. वाचकाचे लक्ष योगायोगावर आणि धावपळीतल्या पराक्रमावर खिळते. ज्याने प्रत वाहून नेली तो कथेचा नायक ठरतो. प्रत का नव्हती, हा प्रश्न मागे पडतो.

वस्तुतः त्याचे उत्तर ग्रीनबर्ग यांनी स्वतःच दिले आहे. २०१६ मध्येच मर्स्कच्या काही तंत्रज्ञांनी जाळ्याची सुरक्षा नव्याने आखावी असा आग्रह धरला होता. काही सर्व्हर तर विंडोज २००० इतक्या जुन्या, निर्मात्याने आधार काढून घेतलेल्या प्रणालीवर चालत होते. योजनेला मान्यता मिळाली, पैसाही मंजूर झाला. पण संगणकविभागाच्या वरिष्ठांचे मूल्यमापन ज्या निकषांवर होई, त्यांत या योजनेची यशस्विता धरलेली नव्हती. ती राबवल्याने कोणाच्या बोनसमध्ये भर पडणार नव्हती. योजना पडून राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण प्रकरणाचे मर्म येथे आहे, आणि ग्रंथकार ते मोजक्या वाक्यांत सांगून पुढच्या दृश्याकडे वळतो. घानाला जेवढी जागा दिली तेवढी या बैठकांना दिली असती तर हा ग्रंथ वेगळ्या कोटीचा झाला असता. सभेचे इतिवृत्त, मंजूर टिपण आणि न उघडलेली निविदा यांत रोमांच नसतो हे खरे. मात्र हरिभाऊ आपट्यांपासूनच्या आपल्या कादंबरीने घरातल्या साध्या बोलण्यातून मोठे अन्याय दाखवले आहेत, तेव्हा ते अशक्य आहे असेही नव्हे.

निक्षेपाची कसोटी

दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना ती बिघडली तर दोष कोणाचा, या प्रश्नाची आपल्या परंपरेतील चर्चा जुनी आहे. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचा क्रमांक लागतो. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधी म्हणजे पात्रात बंद करून, आत काय आहे ते न सांगता सोपवलेली ठेव, असे सांगितले आहे. मोहोरबंद कंटेनरची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. आतील माल कागदावर जाहीर असला तरी राखणाऱ्याने तो पाहिलेला नसतो. अशी ठेव राजाने, दैवाने किंवा चोराने नेली तर राखणारा दोषी नाही, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे. बृहस्पतीने मात्र दोन गोष्टींसाठी राखणाऱ्याकडून भरपाई घ्यावी असे म्हटले आहे. एक भेद, म्हणजे स्वतःची वस्तू जपणे आणि ठेवीकडे पाठ फिरवणे, दुसरी उपेक्षा. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम १५१ ची भाषा याहून फार दूर नाही. सामान्य शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी ठेवीची घ्यावी, असे ते सांगते.

ही कसोटी मर्स्क-प्रकरणाला लावून पाहणे उद्बोधक ठरते. हल्ला परक्या राज्याच्या लष्कराचा, म्हणजे ‘राजा’ आहे. घानातील वीज म्हणजे ‘दैव’. खंडणीचा मुखवटा म्हणजे ‘चोर’. तिन्ही सबबी एकाच दिवशी उपलब्ध झाल्या! विमाकंपन्यांनी पहिली सबब प्रत्यक्षात वापरूनही पाहिली. याच हल्ल्यात सापडलेल्या मोंडेलीझ या खाद्यपदार्थ कंपनीचा दावा तिच्या विमाकंपनीने युद्धसदृश कृत्याच्या अपवादाखाली नाकारला. तो खटला २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. मर्क या औषधकंपनीच्या प्रकरणात मात्र न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला. हल्लेखोर कोण हे ठरले म्हणजे राखणाऱ्याची जबाबदारी ठरली असे होत नाही, कारण उपेक्षेचा प्रश्न स्वतंत्रपणे शिल्लक राहतो. ‘सँडवर्म’मध्ये पहिल्या प्रश्नाचा शोध चिकाटीने घेतलेला आहे, दुसरा जवळजवळ मिटवून टाकलेला आहे. जो ग्रंथ शत्रूला नाव देण्यात एवढा गुंतलेला असतो, त्याला घरातील ढिलाईकडे पाहण्यास सवड कमीच असणार.

संस्था आणि व्यक्ती

भारतीय कायद्याची या बाबतीतील स्थिती काय आहे? माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४३-अ ने संवेदनशील वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या निगम-संस्थेवर, तिने सुरक्षेत हयगय केल्यास, भरपाईचे दायित्व टाकले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात योग्य सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दोन्ही तरतुदी वैयक्तिक माहितीपुरत्या. कोणता डबा कितव्या थरावर आहे ही माहिती कोणाही व्यक्तीची नसते, म्हणून जून २०१७ सारख्या घटनेला त्या स्पर्शही करत नाहीत. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले आहे. ते घटनेनंतरचे झाले.

शिवाय हे सर्व दायित्व संस्थेवर आहे. त्या खोलीत बसणाऱ्या तंत्रज्ञाच्या कर्तव्याविषयी कायदा फारसे बोलत नाही. यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. तंत्रज्ञ हा पगारी नोकर, त्याने सांगितले तेवढे करावे, हे एक. माहिती गेली की संगणकविभाग दोषी, हे दुसरे. मर्स्कचे उदाहरण दोहोंना पुरून उरते. तेथील तंत्रज्ञांनी धोका ओळखला, तो मांडला, पैसा मिळवला. त्यांचे कर्तव्य तेथे संपले काय? डॉक्टर रुग्णाला औषध लिहून देतो आणि रुग्ण ते घेत नाही, तेव्हा डॉक्टर मोकळा होतो. माहितीच्या बाबतीत औषध न घेणारा एक आणि आजारी पडणारे हजारो असतात, म्हणून ही उपमा लंगडी पडते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या व्यवसायाने लेखी असहमतीची प्रथा आपल्या आचारसंहितेत आणली पाहिजे. अमुक प्रणाली जुनी आहे, अमुक प्रत घेतलेली नाही आणि अमुक तारखेला हे कळवले, असे टिपण संचालक मंडळापुढे जावे व त्यावर मंडळाने सही करावी. सही केली की उपेक्षेला कर्ता मिळतो. तंत्रज्ञाकडून पराक्रमाची अपेक्षा करण्यापेक्षा हे अधिक न्याय्य होय.

अधिकारविभागणीची कल्पनाही आपल्याला परकी नाही. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, शिबंदी तिसऱ्याकडे, जेणेकरून एकट्याच्या फितुरीने किल्ला जाऊ नये. मर्स्कच्या जाळ्यात एका यंत्राचे परवलीचे शब्द सर्वत्र चालत होते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले, तेव्हाही व्यवहाराला होकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली होती. होकार तपासणारा दुसरा डोळा वेळेवर उघडला नाही.

आपल्या दारात

महाविद्यालयीन वाचकाला हे सर्व दूरचे वाटू नये. मर्स्कचे टर्मिनल ठप्प झाले त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावरील मूल्यांकन प्रथमच सर्व शाखांना लागू केले होते. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत, ती टळून लांबत गेलेले निकाल आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंची पदमुक्ती, हा क्रम सर्वांच्या स्मरणात आहे. तेथे कोणी परका शत्रू नव्हता. उत्तरपत्रिका होत्या, नोंद आणि वस्तू यांची सांगड सुटली होती; यार्डातील डब्याप्रमाणेच. त्या प्रकरणात निदान सर्वोच्च पदावरील व्यक्तीला किंमत मोजावी लागली. पूर्वतयारी न होता प्रणाली लादली जात असताना कोणी लेखी हरकत घेतली होती काय, आणि घेतली असल्यास ती कोणी वाचली, हा प्रश्न त्या पदमुक्तीने सुटत नाही.

आणखी जवळ यावे तर आपल्या कार्यालयांकडे पाहावे. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या प्रवेशांची, शिष्यवृत्तीची आणि गुणांची अनेक वर्षांची नोंद एकाच संगणकावर होती, आणि त्याची प्रत त्याच टेबलाच्या खणातील पेन ड्राइव्हवर. ती सांभाळणारा कर्मचारी तासिका तत्त्वावरील होता. मूल्यांकन समिती यायची असली की तोच ‘आयटी विभागप्रमुख’ होई, समिती गेली की पुन्हा ‘संगणकवाला मुलगा’. अशा माणसाकडून लेखी असहमतीची अपेक्षा करणे सोपे नाही, याची जाणीव वरील सूचना करताना आहे. ज्याची नोकरीच दर सहा महिन्यांनी नव्याने ठरते, तो मंडळापुढे कोणते टिपण ठेवणार?

जबाबदारीच्या चर्चेत म्हणूनच नोकरीची शाश्वती हा विषय येतो, आणि ग्रीनबर्ग यांच्या ग्रंथात तो नाही. मर्स्कचे तंत्रज्ञ निनावी राहूनच लेखकाशी बोलले, एवढी एक खूण तेथे आहे. त्या निनावीपणाचा अर्थ लावण्याचे काम त्यांनी वाचकावर सोडले.

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी याच बंदरात, त्या वेळी बंदर न्यास स्वतः चालवीत असलेल्या जवाहरलाल नेहरू पोर्ट कंटेनर टर्मिनलच्या व्यवस्थापन माहिती प्रणालीवर खंडणीखोर हल्ला झाला. या वेळीही जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवण्यात आली. पाच वर्षांपूर्वी खासगी टर्मिनलला जो मार्ग काढावा लागला, तोच सार्वजनिक टर्मिनलला काढावा लागला. त्याच वर्षी ते टर्मिनलही खासगी चालकाकडे सुपूर्द झाले. या दुसऱ्या घटनेवर कोणी ग्रंथ लिहिल्याचे आढळत नाही. २०१७ आणि २०२२ या दोन्ही वेळी दारावर हाताने केलेल्या नोंदी कोणी जपल्या असतील, तर न्हावा-शेव्याच्या बाजूने हा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला आरंभ त्या कागदांपासून करता येईल.